ठोंब्याची डावी नाकपुडी

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठोंब्याच्या नाकातून रक्त. डाव्या नाकपुडीतून. स्वयंपाकघराच्या पांढऱ्या फरशीवर चार थेंब, दाराजवळ आणखी एक.

मी दातांच्या लॅबमध्ये होते तेव्हा सासूबाईंचा फोन आला. त्या मला कामावर फोन करत नाहीत. वर्षातून एखादा, तोही गॅस संपला म्हणून. म्हणाल्या, "घरी ये असं नाही म्हणत. कानावर घालून ठेवते." मी हातातल्या दोन कवळ्या घासून पूर्ण केल्या आणि नेहमीच्या वेळेला निघाले.

घरी फरशी लख्ख पुसलेली. पण ज्याने पुसली तो कपडा मात्र न धुता खिडकीत ठेवलेला – मला दाखवायला. कुत्रा शेपटी हलवत होता. अकरा वर्षांचा झाला, तोंडाभोवती पांढरा पडलाय. आपल्याला काही झालंय याची त्याला गंधवार्ता नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून दवाखान्यात. कंपाउंडरने दारातून पुकारलं, "ठोंब्या कोण?" मांजराची टोपली घेऊन बसलेले एक गृहस्थ उठले आणि परत बसले. त्यांना घरी याच नावाने हाक मारत असावेत.

डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत. घाई करत नाहीत. काचेची पट्टी त्याच्या नाकासमोर धरली. उजवीकडे वाफ नीट धरली, डावीकडे जेमतेम. म्हणजे डावी बाजू चोंदलेली. तोंड उघडायला गेल्या तर त्याने मान काढून घेतली. "असू दे," म्हणाल्या. गवताचं कुसळ अडकलं असेल, बुरशी असेल, नाहीतर साधा संसर्ग. आधी दहा दिवस गोळ्या देऊन बघू.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रक्त नाही. शिंका सात.

८ फेब्रुवारी, रविवार

गोळीचं खातं सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय. उकडलेल्या अंड्याचा बलक, त्यात गोळी, वरून बोट फिरवून गुळगुळीत. माझ्या हातचा बलक तो खातो, गोळी तेवढी वेगळी काढून जमिनीवर ठेवतो आणि माझ्याकडे बघतो. त्यांच्या हातून मात्र गपकन.

आज गोळी देता देता म्हणाल्या, "त्याला कळवायचं का?"

"शिंकांचं काय कळवायचं, आई."

तो म्हणजे त्यांचा मुलगा. कागदोपत्री अजून माझा नवरा. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन दुसऱ्या शहरात गेला आणि सहा महिन्यांत तिथे दुसरा संसार मांडला. लपवलं नाही, एवढं मान्य करायला हवं. कुत्रा त्याचाच. पिल्लू असताना जॅकेटच्या आत घालून आणलेला. जाताना म्हणाला होता, बस्तान बसलं की नेतो. मग कळलं की तिकडच्या बाईंना कुत्र्याच्या केसांचा त्रास होतो. आईलाही नेतो म्हणाला होता. सासूबाईंच्या केसांचा कोणाला काय त्रास होतो, ते मात्र कळलं नाही.

तर राहिलो आम्ही तिघं. दोघी जणी, ज्यांचं एकमेकींशी नातं तिसऱ्याच माणसामुळे, आणि त्याचा कुत्रा. आम्ही भांडत नाही. बोलणं होतं ते बहुतेक ठोंब्यावरून. त्याने खाल्लं का, त्याला फिरवून आणलं का. कधीकधी त्या मला निरोपही त्याच्यामार्फत देतात – "ठोंब्या, तिला सांग, दूध उतू चाललंय."

१४ फेब्रुवारी, शनिवार

गोळ्या संपल्या. नाक कोरडं. सासूबाई म्हणाल्या, "सुटला बाई एकदाचा." दुपारभर दोघेही गाढ झोपले. एक पलंगावर, एक पलंगाखाली. घोरणं कोणाचं, ते दाराबाहेरून ओळखता येत नव्हतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा सुरू. या वेळी पिवळट, दाट, मधूनच रक्ताची रेघ. वासही येतो. शिंकला की मान जोरात खाली जाते आणि हनुवटी फरशीवर आपटते. मग तो फरशीकडेच रागाने बघतो.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "अलीकडे एकाच बाजूने चावतो हा. दात बघ ना त्याचे. तुझंच काम ते."

मी म्हटलं, "माझं काम माणसांच्या दातांचं, आई. तेही पडून गेल्यावरचं."

त्यांनी पुढचा घास घेतला. त्यांची वरची कवळी मीच केलेली आहे, चार वर्षांपूर्वी. बसते का, कुठे टोचते का, एका अक्षराने बोलल्या नाहीत. रोज घालतात, एवढंच मला माहीत.

२१ फेब्रुवारी, शनिवार

एक्स-रे काढला. कंपाउंडरने पुढून धरलं, मी मागून. दोनदा हलला, तिसऱ्यांदा जमलं.

डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडासमोर धरला. उजवीकडे नाकाच्या आत बारीक बारीक रेघा दिसतात, कागदाच्या गुंडाळीसारख्या. डावीकडे त्या रेघा नाहीत. नुसतं पांढुरकं.

"इथे हवा असायला हवी," त्या म्हणाल्या. "काहीतरी भरलंय. या वयात, एकाच बाजूला, औषध थांबलं की परत... गाठ असू शकते. नाकातली गाठ सहसा चांगली नसते. पण मी नुसत्या फोटोवरून सांगणार नाही."

"गाठ असली तर किती?"

"महिने. तीन, फार तर चार."

जनावरांच्या मोठ्या रुग्णालयात भूल देऊन स्कॅन करावं लागेल. तारीख मिळाली ६ मार्च.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. त्या शर्टाला बटण लावत होत्या, माझ्याच. दोरा तोडला, सुई डबीत ठेवली आणि म्हणाल्या, "आता तरी कळव. कुत्रा त्याचा आहे."

२२ फेब्रुवारी, रविवार

कळवलं. चार ओळी. एक्स-रेचा फोटोही पाठवला. का पाठवला कोण जाणे.

दुपारी उत्तर आलं – "वाईट वाटलं. पण म्हातारा झालाय तो. स्कॅन वगैरे करून छळू नका. झोपवून टाका. त्याआधी मला कळव, येऊन भेटून जाईन."

फोन सासूबाईंच्या हातात दिला. चष्मा लावून त्यांनी तो लांब धरून वाचला.

"झोपवून म्हणजे?"

सांगितलं. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि शेंगा सोलायला बसल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "तू काय ठरवलंयस?"

"सहा तारखेला स्कॅन."

"बरं."

बाकी काही नाही. शेंगा मात्र चार दिवस पुरतील इतक्या सोलून ठेवल्या होत्या.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

शिंका अकरा. बैठकीच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला तांबूस ठिपके. ओल्या कपड्याने जातात.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक चूक केली. लिहून ठेवते, कारण वीस वर्षांत अशी झालेली नाही.

एका आजोबांची वरची कवळी लावत होते. मेणात एकेक दात बसवत गेले. लॅबचे मालक सहज मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, डावा सुळा उजवीकडे बसवलाय तुम्ही." बघितलं तर खरंच. उजवीकडेही डावा आणि डावीकडेही डावाच. माणूस हसला असता तर कोणाला नेमकं काय चुकलंय ते सांगता आलं नसतं, पण चुकलंय हे कळलं असतं. मालक रागावले नाहीत. "घरी सगळं ठीक ना?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, कुत्र्याचं नाक. ते मान हलवून गेले. काय समजले असतील ते असो.

सुळा काढून हातात घेतला आणि तसाच धरून बसले. वरच्या सुळ्याचं मूळ लांब असतं. माणसाचंच इतकं, तर कुत्र्याचं किती असेल. आणि ते वर कुठे जातं? नाकाकडेच.

घरी आल्या आल्या, चप्पलही न काढता, ठोंब्याला खिडकीशी नेलं. सासूबाईंना बॅटरी धरायला लावली. तोंड उघडू देईना, म्हणून नुसता ओठ वर केला. उजवा सुळा नेहमीसारखा. डावा त्याच्यापेक्षा लांब दिसत होता, दोन मिलिमीटर तरी. हिरडी वर सरकलेली. दोन मिलिमीटर माझ्या धंद्यात फार असतात. हिरडीवर बोटाने हलकेच दाबलं – त्याने झटकन मान फिरवली आणि सणसणीत शिंकला. माझ्या बाहीवर रक्त आलं.

'मी सांगत होते' असं सासूबाई म्हणाल्या नाहीत. बॅटरी विझवली आणि म्हणाल्या, "जा, हात धू. मी फोन लावते डॉक्टरीणबाईंना." पण नंबर त्यांच्याकडे नव्हताच. मीच लावला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल दवाखाना बंद झालेला. आज बोलणं झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शक्य आहे. सुळ्याच्या मुळाशी पू झाला की तो हाड पोखरून नाकात उतरतो. मला तोंड नीट तपासायला हवं होतं." चूक अशी सरळ कबूल करणारी माणसं मला आवडतात. पुढे म्हणाल्या, "पण दातही खराब आणि गाठही, असं दोन्ही असू शकतं. भूल दिल्यावर आधी दात बघा, अशी चिठ्ठी देते. तुम्ही आशा लावून बसा असं मात्र मी म्हणणार नाही."

मी आशा लावून बसलेली नाही. सासूबाई बसल्यात. आजपासून त्याचा भात मऊ शिजवतात.

२ मार्च, सोमवार

नणंदेचा फोन. भावाकडून कळलं म्हणे. थोडा वेळ हळहळली, मग मुद्द्यावर आली. "वहिनी, कुत्र्याचं एकदा काय ते झालं की आईला माझ्याकडे आणून सोड. इतके दिवस ती त्याचंच निमित्त सांगत होती, ठोंब्याला कोण बघणार म्हणून. मग तूही मोकळी."

वाईट हेतूने नाही म्हणाली. ती स्वभावाने चांगली आहे. तिचं घरही मोठं आहे.

पण हे मला नवीन होतं. नणंदेने दोनदा बोलावलं होतं आणि सासूबाईंनी नाही म्हटलं होतं, यातलं काहीच मला माहीत नव्हतं.

माझ्याही कपाटात एक पाकीट आहे. संमतीने वेगळं व्हायचा अर्ज, त्याची सही झालेली, माझ्या सहीची जागा कोरी. येऊन वर्ष झालं. सासूबाईंना दाखवलेला नाही. सही केली की त्या माझ्या कोणीच लागत नाहीत. मग त्या या घरात कोण म्हणून राहणार?

५ मार्च, गुरुवार

त्याचा मेसेज – "उद्या थेट रुग्णालयात येतो. काय ते एकत्र ठरवू." 'एकत्र' हा शब्द दोनदा वाचला.

उद्या सकाळी ठोंब्याला काही खायला द्यायचं नाही. म्हणून सासूबाईंनी आज संध्याकाळी त्याला दोन अंडी दिली. गोळी नसलेली. तो बराच वेळ त्यात गोळी शोधत होता.

६ मार्च, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहिते.

सासूबाई येणार म्हणून हटून बसल्या. गुडघे धरून रुग्णालयाच्या पायऱ्या चढल्या, एकेक. आत लांबलचक बाक, फिनाइलचा वास. एका पिंजऱ्यात ससा, एका बाईच्या मांडीवर गुंडाळलेलं काहीतरी.

तो दहा वाजता आला. पांढरा शर्ट, जरा सुटलेलं पोट. आईच्या पाया पडला. माझ्याकडे बघून मान हलवली, मीही हलवली. मग ठोंब्यासमोर उकिडवा बसला आणि हाक मारली. ठोंब्याने त्याचा हात हुंगला. बराच वेळ हुंगला. नाक चोंदलेलं, कष्टाने आत ओढलेला श्वास ऐकू येत होता. दुसऱ्यांदा हाक मारल्यावर शेपटी एकदा हलली. मग तो वळून सासूबाईंच्या पायाशी जाऊन बसला.

"ओळखलं नाही याने मला," तो म्हणाला.

थोड्या वेळाने म्हणाला, "आई, बघवत नाही गं. कशाला याचे हाल करताय?"

"हाल तू बघितलेस कुठे?" सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "अर्धा तास झाला तुला येऊन."

तेवढ्यात तिथले मोठे डॉक्टर कागद घेऊन आले. भूल द्यायची तर मालकाची सही हवी. "मालक कोण?"

त्याने हात पुढे केला. मी सवयीने मागे सरकले. कुत्रा त्याचा, हे आमच्या घरात कोणी कधी नाकारलेलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "ही."

डॉक्टरांनी कागद माझ्याकडे वळवला. मी सही केली.

तासाभराने आत बोलावलं, एकटीला. ठोंब्या टेबलावर, जीभ बाहेर, तोंडात नळी. डॉक्टरांनी डाव्या सुळ्याच्या आतल्या बाजूला एक बारीक सळई सरकवली. ती जातच राहिली. मग त्या फटीत पिचकारीने पाणी सोडलं, आणि पाणी नाकपुडीतून बाहेर आलं. स्वच्छ, सरळ धारेने.

"हे तुमचं दुखणं," ते म्हणाले. "सुळ्यापासून नाकापर्यंत आरपार भोक आहे. स्कॅनमध्ये गाठ नाही. दात काढतो, भोक हिरडीने झाकून शिवतो. चिठ्ठीत लिहिलंय, दात तुम्ही ओळखलात. दातांच्या डॉक्टर का?"

"नाही," मी म्हटलं. "ओळखला माझ्या सासूबाईंनी."

बाहेर येऊन सांगितलं. सासूबाईंनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. तो म्हणाला, "चला, बरं झालं." मनापासून म्हणाला. मग घड्याळ बघितलं. निघताना मला जरा बाजूला घेतलं, पण आवाज खाली घ्यायचं विसरला. "ते पाकीट... वर्ष झालं. निदान हो की नाही ते तरी कळव."

सासूबाई बाकावरून बघत होत्या.

७ मार्च, शनिवार

ठोंब्या भुलीतून पुरता बाहेर आलाय. गळ्यात प्लास्टिकचा शंकू. दारांना धडकतो. नाक कोरडं. दोन्ही नाकपुड्या हाताने तपासल्या, दोन्हींतून श्वास.

सासूबाई आज माझ्याशी बोलल्या नाहीत. ठोंब्यामार्फतही नाही.

८ मार्च, रविवार

सकाळी चहाचे कप विसळत होते. मागून म्हणाल्या, "कसलं पाकीट?"

आणून दिलं. त्यांनी सगळी पानं वाचली. मुलाच्या सहीवर बोट ठेवलं, उचललं.

"वर्षभर ठेवलंस. अजून वाट बघतेस त्याची?"

"नाही."

"मग?"

मी खरं ते सांगितलं. सही केली तर तुमचं इथे काय, हा प्रश्न मला सुटत नव्हता. तुम्ही बाहेर पडलात तर माझ्यामुळे पडलात असं झालं असतं.

त्या बराच वेळ पानांच्या कडा जुळवत राहिल्या.

"आणि मी काय समजत होते," शेवटी म्हणाल्या, "की तू त्याच्यासाठी थांबलीयेस. ही बाई वाट बघत बसलीये, तिला एकटीला टाकून लेकीकडे कशी जाऊ? आणि कोणत्या तोंडाने जाऊ, माझाच मुलगा तो. म्हणून लेकीला कुत्र्याचं निमित्त सांगत राहिले."

"मला कधी बोलला नाहीत."

"तू तरी कुठे बोललीस."

कप विसळून झाले होते, तरी पुन्हा विसळले. मग नणंदेचा निरोप जसाच्या तसा सांगितला. तिथे घर मोठं आहे, माणसं आहेत. जायचं असेल तर मी पोचवते, राहायचं असेल तर राहा. "माझ्याकडून बंधन नाही," असं म्हणाले. म्हटल्यावर ते किती कोरडं आहे ते ऐकू आलं. पण मागे घेतलं नाही, कारण खोटं नव्हतं.

"विचार करून सांगते," म्हणाल्या, आणि शंकूत अडकलेल्या ठोंब्याला मऊ भात भरवायला गेल्या. एकेक घास, चमच्याने.

९ मार्च, सोमवार

लॅब. सहा कवळ्या. एकही चूक नाही. घरी आले तर सासूबाई लेकीशी फोनवर बोलत होत्या. मला बघून आवाज खाली केला. मी आत गेले.

११ मार्च, बुधवार

सही केली. अर्जाच्या शेवटी साक्षीदाराची जागा आहे. मालकांना विचारीन म्हणत होते. आई म्हणाल्या, "आण इकडे." चष्मा लावला, सावकाश सही केली. खाली ओळ होती – नातं. त्यांनी लिहिलं, आई. मी म्हटलं, कोणाची तेही लिहावं लागेल. त्यांनी पेन पुन्हा उघडलं आणि पुढे माझं नाव घातलं.